पावसाळ्यात स्वतः गाडी चालवत कास आणि ठोसेघर : आधी काय, नंतर काय आणि काय मुळीच नको

सप्टेंबरमधल्या कुठल्याही रविवारी साडेअकराच्या सुमारास साताऱ्याहून कासच्या फुलांच्या पठाराकडे निघालात, तर यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागलेली दिसेल. त्यातले कितीतरी जण पहाटे तीनला घर सोडून आलेले असतात. मुलं कंटाळलेली, चालकाच्या डोळ्यांवर झापड आणि पठारावर आत जाण्याची बुक केलेली वेळ उलटून गेलेली. काहींनी बुकिंग केलेलंच नसतं. अशा सहलीत गाडीचा किंवा पावसाचा दोष क्वचितच असतो. बहुतेकदा क्रम उलटा झालेला असतो. सुट्टी ठरली, हॉटेल ठरलं, मित्रांना सांगून झालं आणि मग शेवटी फुलं, पाऊस आणि बुकिंग यांची आठवण झाली.

हा लेख पुण्या-मुंबईकडून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी आहे. दोन दिवस, एक मुक्काम साताऱ्यात. पहिल्या दिवशी दुपारी ठोसेघरचा धबधबा, दुसऱ्या दिवशी सकाळी कास. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ आहेत. पण पावसात घाट चढायचा, दोन-तीन तास चालायचं आणि त्याच माणसाने रात्री महामार्गावरून गाडी परत आणायची, हे मला मान्य नाही. मुंबईहून तर एका दिवसाचा विचारच करू नका.

## १. तारीख : सुट्टी बघून नव्हे, पाऊस बघून

धबधबे आणि फुलं यांचा भर एकाच वेळी येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे तुडुंब असतात, पण तेव्हा पठारावर बहुतेक धुकं, वारा आणि हिरवं गवत. फुलांचा मुख्य हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर ठोसेघरची धार बारीक झालेली असते. दोन्ही पदरात पाडून घ्यायचं असेल तर सप्टेंबरचा मधला काळ धरा.

त्यातही एक बारकावा आहे. सलग चार दिवस मुसळधार पाऊस झाला की नाजूक फुलं झोडपली जातात. मग उघडीप मिळाली, दिवसातून दोन-तीन तास ऊन आणि मधून एखादी सर असं सुरू झालं, की पठार पुन्हा रंगायला लागतं. म्हणून ‘१५ सप्टेंबरला जायचं’ असं महिनाभर आधी ठरवून बसू नका. दोन किंवा तीन तारखा मनात ठेवा आणि उघडीप पाहून त्यातली एक निवडा. हॉटेलही असं घ्या, की तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील.

पठारावरचा रंग दर पंधरवड्याला बदलतो. चवरीची पांढरी फुलं बरीच आधी येऊन जातात, नंतर गेंदाचे पांढरे ठिपके आणि तेरड्याचा गुलाबी-जांभळा, शेवटाकडे सोनकीचा पिवळा. मित्राने गेल्या वर्षी टाकलेल्या फोटोतला रंग तुमच्या तारखेला दिसेलच असं नाही. टोपली कारवी तर दर सात वर्षांनीच फुलते, तेव्हा तिच्याबद्दल स्थानिकांना विचारल्याशिवाय मनात काही धरू नका.

टाळायचे दिवस : शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. गणपती ज्या आठवड्यात येतात आणि जातात, त्या आठवड्यात महामार्गावर गावी जाणाऱ्यांची गर्दी असते. विसर्जनाच्या दिवशी सातारा शहरातले रस्तेही मिरवणुकांसाठी बंद किंवा वळवलेले असतात. मंगळवार ते गुरुवार सुट्टी काढता आली तर सहलीची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

## २. पठाराचं बुकिंग

कास पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि हंगामात प्रवेश वेळेच्या टप्प्यांनुसार दिला जातो. वन विभाग आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती मिळून ही व्यवस्था पाहतात. बुकिंग त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. शुल्क आणि वेळा वर्षागणिक बदलतात, म्हणून जुन्या फोटोतल्या फलकावर विसंबू नका.

क्रम असा ठेवा :

१. तीन संभाव्य तारखांना कोणते टप्पे मोकळे आहेत ते आधी पाहा.
२. सकाळचा पहिला टप्पा घ्या. तो नाही मिळाला तर दुसरा. दुपारनंतर ढग पठारावर उतरण्याची शक्यता वाढते आणि घाटातली गर्दीही तेव्हाच असते.
३. गाडीतल्या प्रत्येकाची नोंद करा, मुलांबद्दलचे नियम वाचा.
४. पावतीचा स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये ठेवा. पठारावर रेंज कधी येते, कधी जाते. मेल उघडत गेटावर उभं राहण्यात बुक केलेली वेळच निघून जाते.

सर्रास होणारी चूक : ‘तिथे गेल्यावर बघू’. आडवारी कदाचित जमून जाईल. शनिवार-रविवारी गेटावरून परत फिरणाऱ्यांत तुम्हीही असाल.

## ३. हवामान : तीन वेळा पाहायचं

एकदा अंदाज पाहून निघणं पुरेसं नाही. आठवडाभर आधी पाहिलं तर फक्त कल कळतो. दोन दिवस आधी भारतीय हवामान विभागाचा सातारा जिल्ह्याचा इशारा पाहा. तिसऱ्यांदा, निघण्याच्या सकाळी, पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहा. ‘मौसम’ अ‍ॅपवर हे सगळं मिळतं. विजांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. उघड्या पठारावर त्याचा खरा उपयोग होतो.

इशाऱ्याच्या रंगांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण ‘ऑरेंजच तर आहे’ म्हणून निघणारे फार भेटतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की तो हवामान विभागाच्या भाषेत ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून वर ‘अत्यंत जोरदार’. इशारा लाल असेल तर सहल रद्द. नारिंगी असेल तर तारीख पुढे ढकला. आधीच साताऱ्यात पोचला असाल तर धबधबा आणि घाट दोन्ही सोडून द्या आणि शहरातच थांबा. पिवळ्यात जाता येईल, पण दर तीन तासांनी अंदाज पुन्हा पाहायचा.

याखेरीज जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का ते तपासा. जोराच्या पावसात धबधब्यांची ठिकाणं काही दिवस बंद ठेवली जातात. आदेश असेल तर आडवाटेने जाऊ नका. एखादा अपघात घडला की त्याच गावातली पोरं दोर घेऊन दरीत उतरतात.

निघण्याआधीची तपासणी : लाल-नारिंगी इशारा नाही, मनाई आदेश नाही, घाटात दरड पडल्याची बातमी नाही. हॉटेलवाल्याला फोन करून ‘काल रात्री पाऊस कसा होता’ हे एवढं विचारा. त्याचं उत्तर अ‍ॅपइतकंच कामाचं असतं.

## ४. गाडी : आठवडाभर आधी

सर्व्हिसिंगला टाकायची असेल तर आदल्या दिवशी टाकू नका. नवीन बसवलेली कुठलीही गोष्ट शहरात दोन-चार दिवस चालवून बघावी आणि मगच घाटात न्यावी.

टायर. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने ती शेवटची मर्यादा आहे, पण पावसात तेवढ्यावर जाऊ नये. निदान ३ मिलिमीटर खाच हवी, कारण टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचाच करतात. हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची, हा सल्ला महामार्गावर उलटतो. स्टेपनीची हवा तपासा आणि जॅक, पाना गाडीत आहेत का तेही पाहा.

वायपर आणि काच. वायपर काचेवर रेघ सोडत असेल तर नवीन पाती टाका. फार खर्च नाही. काच आतून स्वच्छ पुसा. आतल्या बाजूला तेलकट थर असेल तर समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात आणि वाफही लवकर धरते.

ब्रेक आणि दिवे. पॅड किती उरलेत ते मेकॅनिककडून बघून घ्या. मागचे लाल दिवे कोणाला तरी मागे उभं करून तपासा. पावसात तुम्ही मागच्याला दिसणं हे तुम्हाला दिसण्याइतकंच महत्त्वाचं.

विमा. इंजिन संरक्षणाचं जोडकलम आहे का ते पाहा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं की पाणी सिलेंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही.

पेट्रोल-डिझेल साताऱ्यातच पूर्ण भरा. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगही साताऱ्यातच करून घ्या आणि चढाला बॅटरी जास्त लागते हे गृहीत धरा.

## ५. सामान

यादी मोठी करू नका. छत्री शहरापुरती. पठारावर वारा ती उलटी करतो, तिथे रेनकोट हवा. नक्षीदार तळ असलेले, पाय घट्ट धरणारे बूट घाला. रबरी चपला आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज ओल्या जांभ्या खडकावर घसरतात. प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड आणि टॉवेल गाडीतच असू द्या. जळवांसाठी थोडं मीठ. रोख पैसे, कारण रेंज गेली की यूपीआयही गेलं. ऑफलाइन नकाशा, बॅटरी, फोनचा गाडीतला चार्जर, ओआरएस आणि नेहमीची औषधं. घाट लागणाऱ्यांची गोळी घाटाच्या निदान अर्धा तास आधी द्यायची असते, पहिल्या वळणावर नव्हे.

फोनमध्ये चार क्रमांक साठवा : ११२ आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्ग, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष.

## ६. पहिला दिवस : महामार्ग

पुण्याहून सकाळी सातच्या आत निघा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते बघून घ्या, वाटेत खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके आहेत.

पावसात महामार्गावर वेग ७०-८० च्या आत आणि पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. एखाद्या खुणेवरून पुढची गाडी गेल्यावर तुम्ही तिथे पोचेपर्यंत किमान चार सेकंद गेले पाहिजेत. साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतोय असं समजा. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत थांबा. क्रूझ कंट्रोल पावसात बंदच ठेवा.

काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करा, तापमान थोडं गरम ठेवा, वारा समोरच्या काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण निवडा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर सगळ्यांच्या श्वासाचा आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा आतच राहतो. वाफ काचेच्या बाहेरून धरत असेल तर कारण उलटं असतं. एसी फार थंड झालाय, तापमान वाढवा आणि वायपर एकदा फिरवा.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर एकदम लावू नका. त्यामुळे तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळतच नाही. धो धो पाऊस किंवा धुकं असेल तेव्हा लो बीम लावा. हाय बीमचा उजेड थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला, एखाद्या पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात थांबा, आणि थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा.

## ७. ठोसेघर : पहिल्याच दिवशी दुपारी

साताऱ्यात सामान टाका, जेवा आणि समर्थ मंदिरावरून बोगद्यातून सज्जनगडच्या रस्त्याने निघा. ठोसेघर साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. वाटेत सज्जनगडाचा फाटा लागतो. वेळ असेल तर गड करा, पण पायऱ्या ओल्या असतात हे घरातल्या वयस्कर मंडळींना आधीच सांगा.

गाडी पार्किंगमध्येच लावा. घाटरस्त्याच्या कडेला, वळणावर ‘दोन मिनिटं’ लावलेली गाडी बसला अडवते आणि साईडपट्टीच्या लाल चिखलात चाक रुतलं की दोन तास जातात. पार्किंगपासून खाली प्रेक्षक गॅलरीपर्यंत बांधीव वाट आहे. धबधबा दरीच्या पलीकडे पडतो आणि तो बघण्याची जागा ती गॅलरीच आहे. खाली उतरायची वाट शोधू नका.

गॅलरीत पोचल्यावर समोर नुसता पांढरा ढग असेल तर लगेच माघारी फिरू नका. आवाज येत असतो, दिसत काही नसतं. पंधरा-वीस मिनिटं कठड्याशी उभं राहा. वारा दरीतून वर येतो, ढगाला आधी खालून भोक पडतं, त्यातून काळा ओला कडा दिसतो आणि मग वरपासून खालपर्यंत पूर्ण धार उघडते. हे बहुतेकांना दिसत नाही, कारण पाच मिनिटांतच ते भजी खायला वर गेलेले असतात.

इशारा. कठडा ओलांडून फोटो नाही, कड्याच्या टोकाशी सेल्फी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच ठोसेघरच्या वाटेवर बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली होती. स्थानिकांनी दोराने तिला वर काढलं म्हणून ती वाचली. कड्याच्या काठावर गवत वाढलेलं असतं, जमीन नेमकी कुठे संपते ते वरून कळत नाही.

हीच गोष्ट ओढ्यांची. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले. पाणी वाढतं ते वरच्या बाजूला झालेल्या पावसाने. तुम्ही उभे आहात तिथे ऊनसुद्धा असू शकतं. पाणी स्वच्छ होतं ते एकदम गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या यायला लागल्या किंवा आवाज जड झाला, की वस्तू गोळा करत बसू नका, मुलांना उचला आणि वर चढा. त्याहून चांगलं म्हणजे वाहत्या पाण्यात उतरूच नका.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ठोसेघरच्या पुढे आहेत. धुकं नसेल आणि चार वाजायच्या आत निघत असाल तर जा, नाहीतर परत फिरा. अंधार पडायच्या आत साताऱ्यात असायला हवं.

## ८. दुसरा दिवस : यवतेश्वर घाट

सातारा ते कास साधारण २५ किलोमीटर. पाऊण तासाचा रस्ता आहे, दीड तास हाताशी ठेवा. आपली वेळ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पार्किंगला पोचायचं, या हिशेबाने उलटी वेळ मोजून निघा. नाष्टा हॉटेलात सात वाजता मिळणार असेल तर आदल्या रात्रीच काहीतरी बांधून घ्या.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये सोडणं किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवणं, दोन्ही धोक्याचं. ब्रेक तापले की पेडल मऊ लागतं आणि नेमक्या वळणावर गाडी थांबत नाही. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर निवडायची सोय असते. ती घरी असतानाच शोधून ठेवा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका.

डोंगराच्या बाजूने बारीक खडे घरंगळताना दिसले, रस्त्यावर ताजी लाल माती पडलेली दिसली किंवा नेहमीच्या ओघळातून एकदम चिखलाचं पाणी यायला लागलं, तर तिथे गाडी उभी करू नका. दरड येण्याआधीच्या या खुणा असतात. पुढे रस्ता बंद असेल तर मोकळ्या, कड्यापासून लांब जागी वळा आणि शहरात परत जा.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नका. एक फूट खोल वाहतं पाणीही लहान गाडी तरंगवून कडेला नेऊ शकतं आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का हे वरून कळत नाही. पुढची जीप गेली म्हणून आपली हॅचबॅक जाईल असं नसतं.

घाट चढून झाल्यावरची तपासणी : मोकळ्या, सरळ रस्त्यावर मागे कोणी नाही हे पाहून ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा. ओले ब्रेक त्याने वाळतात.

## ९. पठारावर

हंगामात गाड्या ठरलेल्या पार्किंगमध्ये लावाव्या लागतात आणि तिथून गेटापर्यंत न्यायची सोय असते. त्याचाही वेळ धरा. स्वच्छतागृह पार्किंगपाशीच उरकून घ्या.

इथे सर्वात जास्त चूक होते ती पाय कुठे ठेवावा याची. कासची जमीन म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट पठार आणि त्यावर मातीचा पातळ थर, कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाचं पाणी खडकात मुरत नाही, खळग्यांत साचतं. त्या ओलसर पातळ मातीत वनस्पतींना चार-सहा आठवड्यांत उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. तुम्ही पायवाट सोडून दहा पावलं आत गेलात की ती माती दाबली जाते, त्याच्या मागून दुसरा जातो आणि पुढच्या वर्षी तिथे नुसता उघडा पट्टा उरतो. फुलांच्या मधोमध बसून काढलेल्या प्रत्येक फोटोखाली चिरडलेली रोपं असतात. म्हणून आखलेल्या वाटेवरूनच चाला. मूल धावत आत गेलं तर ‘जाऊ दे, लहान आहे’ म्हणू नका.

पाहायचं कसं, तेही सांगतो. उभं राहून लांब बघितलं की गुलाबी-जांभळा पट्टा दिसतो, फोटो होतो, संपलं. त्यापेक्षा वाटेच्या कडेला पाणी साचलेल्या एखाद्या खळग्यापाशी खाली बसा. गेंदाची पांढरी बटणं बारीक दांड्यांवर उभी असतात आणि त्यांच्यामध्ये सीतेची आसवं, नखाएवढी निळी-जांभळी फुलं. ही वनस्पती जमिनीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते, कारण या मातीत खायला फारसं काही नाही. तिथेच कडेला दवबिंदू नावाचं रोप सापडेल. पानांवरचे लाल केस आणि त्यांच्या टोकाला चकाकणारे चिकट थेंब. ऊन आलं तरी ते वाळत नाहीत, कारण ते दव नसतंच, किड्यांसाठी लावलेला सापळा असतो. मिकी माऊस नावाचं फूल मात्र ऊन आल्यावरच नीट उघडलेलं दिसतं. त्याचं इथलं नाव कावळा. पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके असतात, म्हणून लगेच ओळखू येतं. कुमुदिनी पाहायची असेल तर तिच्या तळ्यापर्यंतच्या चालीचा वेळ आधीच विचारून घ्या आणि परतीच्या हिशेबात धरा.

फुलं तोडू नका, रोप घरी नेऊ नका. ते कुंडीत जगत नाही. ड्रोन आणि स्पीकर गाडीतच नव्हे, घरीच ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी, वेफर्सचं पाकीट, मुलांचा डायपर सगळं परत गाडीत. गाईड मिळत असेल तर घ्या. त्याला रोज कोणत्या कोपऱ्यात काय फुललंय ते माहीत असतं आणि ते पैसे गावात राहतात.

वीज चमकायला लागली की पठार सोडा. उघड्या सपाटीवर तुम्हीच सर्वात उंच असता. एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत जाऊन काचा लावून बसा.

## १०. भांबवली-वजराई : जमलं तरच

कासच्या पुढे भांबवलीचा तीन टप्प्यांत कोसळणारा वजराई धबधबा आहे. तो पाहायला रानातून चालावं लागतं. पावसात वाट निसरडी असते आणि जळवा असतात. जायचं की नाही हे ठरवण्यासाठी तीनच प्रश्न. दुपारचा एक वाजायच्या आत तुम्ही पठारावरून बाहेर पडलात का? गावकरी आणि वनकर्मचारी ‘आज जा’ म्हणतायत का? सोबत लहान मूल किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी नाही ना? एकाचंही उत्तर विरुद्ध आलं तर कास तलावापाशी थोडा वेळ बसा, एखाद्या घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी खा आणि परत फिरा.

जळू चिकटली तर ओढून काढू नका. मीठ लावा किंवा नखाने तिचं तोंड हळूच कडेने सोडवा, जखम साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

## ११. परतीचा रस्ता

दुपारी तीनपर्यंत साताऱ्यातून निघालात तर पुणं उजेडात गाठता येतं. दोन दिवस नीट पार पडले की शेवटच्या दोन तासांत चालक सैल पडतो, आणि या रस्त्याच्या दोन वाईट जागा नेमक्या परतीच्या दिशेलाच आहेत.

पहिली खंबाटकी घाटातली. साताऱ्याहून येताना जुन्या बोगद्यातून आलात, तर तो संपला की उतारावर इंग्रजी ‘एस’सारखं वळण आहे. बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावर वेग वाढलेला असतो आणि बाहेर एकदम ओला उतार लागतो. बोगद्यात असतानाच वेग कमी करा.

दुसरी पुण्याच्या तोंडाशी. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. इथे ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात वारंवार झाले आहेत. ट्रकच्या थेट पुढे किंवा दोन ट्रकच्या मधे राहू नका. आरशात मागे लक्ष ठेवा, खालच्या गिअरमध्ये उतरा आणि पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या की लांबूनच हलके ब्रेक लावत मागच्याला लाल दिवा दाखवा.

मुंबईला जाणाऱ्यांनी चालक बदलावा. बदलायला कोणी नसेल तर पुण्यात रात्र काढा. डोळे जड झाल्यावर गाणी मोठ्याने लावून किंवा काच उघडून झोप जात नाही. चहा घ्या आणि वीस मिनिटं खरंच झोपा, मग निघा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. लाल चिखल चाकांच्या कमानीत आणि ब्रेकपाशी वाळून बसतो. मॅट काढून उन्हात टाका, कार्पेट दाबून पाहा. ओलं लागलं तर दारं उघडी ठेवून वाळवा, नाहीतर आठवड्याभरात कुबट वास धरतो. हँडब्रेक ओढून ओली गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली तर ब्रेक चिकटतात. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये किंवा पार्कवर ठेवा आणि चाकाला दगड लावा.